वळण आणि कित्ता : प्रौढ वयातील अक्षरसाधनेचा नैतिक अर्थ

मराठीत अक्षराला वळण असते, तसे माणसालाही असते. थोरांचा कित्ता गिरवावा असे म्हणताना लेखनाच्या सरावातील शब्द शीलासाठी वापरले जातात. हा केवळ भाषेचा योगायोग नव्हे. अनुकरणाने हात घडतो त्याचप्रमाणे चारित्र्यही घडते, ही धारणा या प्रयोगांच्या मुळाशी आहे. मात्र या धारणेपुढे उदाहरण असते ते मुलाचे. ज्याचे अक्षर, मते आणि सवयी घडून चुकल्या आहेत असा प्रौढ माणूस बोरू किंवा कुंचला हाती घेऊन नव्याने गिरवू लागतो, तेव्हा त्याच्या गिरवण्याला कोणता नैतिक अर्थ उरतो?

चिनी अक्षरकलेत या प्रश्नाचा विचार जुना आहे. तेथे शिकणारा पूर्वसूरींचा नमुना प्रथम कागदाखाली ठेवून गिरवतो, पुढे तो समोर ठेवून उतरवतो. स्वतःचे म्हणता येईल असे अक्षर फार उशिरा येते. कागद शाई शोषणारा असल्याने उमटलेली रेघ मागे घेता येत नाही, आणि तिच्यावरून पुन्हा कुंचला फिरवला तर ती दुरुस्ती उघडी पडते. मन सरळ असेल तर कुंचलाही सरळ राहतो, अशा आशयाचे उत्तर तांग काळातील लिऊ गोंगछ्वान (७७८-८६५) याने सम्राटाला दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. फू शान (१६०७-१६८४) याने या सूत्राचा टोकाचा अर्थ लावला. जाओ मंगफू (१२५४-१३२२) याचे अक्षर त्याला सहज साधले होते. परंतु सोंग राजघराण्यात जन्मून मंगोल सत्तेची सेवा पत्करणाऱ्याचा कित्ता त्याने त्याज्य ठरवला, आणि बंडखोरांपुढे न झुकता मरण पत्करणाऱ्या यान जनछिंग (७०९-७८५) याच्या अक्षराकडे तो वळला. उतारवयात मात्र जाओच्या अक्षराविषयीचे त्याचे मत बरेच निवळले. अक्षराचा निवाडा माणसाच्या निवाड्यापासून वेगळा करावा लागतो, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

मराठी परंपरेतही दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिलेला आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, ही तेथील अपेक्षा सौंदर्याइतकीच सातत्याचीही आहे. परंतु सातत्य हा हाताचा गुण. तो शीलाचा पुरावा होऊ शकत नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी जोडलेली ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका ऐतिहासिक दृष्ट्या कितपत टिकते हा प्रश्न वेगळा; लोकस्मृतीने तिच्यात जपलेले भय मात्र खरे आहे. दुसऱ्याचे वळण हुबेहूब उचलणारा हात उत्तम शिष्याचा असतो, तसाच तो कूटलेखकाचाही असू शकतो. तेव्हा अनुकरण स्वतः नीतिनिरपेक्ष आहे. मग नैतिकतेचा शोध लिहिलेल्या अक्षरात न घेता, ते अक्षर शिकणाऱ्याच्या वृत्तीत काय घडवते, येथे घेतला पाहिजे.

या दृष्टीने मोडीचे उदाहरण विशेष बोलके ठरते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी आणि गणेशखिंड यांच्यामधल्या मैदानावर लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह नष्ट झाला. पेशव्यांचे दफ्तर मात्र पुढे इंग्रजांच्या ताब्यात जाऊन टिकले. खडकीची छावणी झाली. राज्य बदलले तरी कंपनीच्या स्थानिक कारभारात मोडी चालूच राहिली. जाओ मंगफूला लावलेला निकष या कारकुनांना लावायचा, तर दफ्तरातील किती कागद वाचण्याजोगे उरतील? विसाव्या शतकात मोडी शालेय शिक्षणातून गेली. त्यामुळे आज खडकीत वाढलेल्या प्रौढ मराठी वाचकापुढे छावणीपूर्व काळातला एखादा कागद आला, तर त्यातली भाषा त्याची असते, अक्षर मात्र त्याचे नसते. पुण्यात मोडीच्या वर्गाला बसणारे प्रौढ विद्यार्थी या विचित्र अवस्थेतून जातात.

याच्या नेमक्या उलट टोकाला रोलाँ बार्त आहे. जपानविषयीचे त्याचे पुस्तक १९७० मध्ये आले. ती भाषा त्याला येत नव्हती. चिन्ह अर्थापासून सुटते याचाच त्याला आनंद होता. पुढे त्याने हौसेने कुंचला धरला आणि लिपीसारखी दिसणारी, पण काहीही न सांगणारी रेखाटने केली. हा आनंद खोटा नाही. पण तो जबाबदारीतून मुक्त असलेल्याचा आनंद आहे. मोडी शिकणाऱ्याला ती मुक्ती नाही. कागदावर कोणाचे वतन असते, कोणाची तक्रार असते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची निकड प्रकर्षाने जाणवली. एका अक्षराच्या वाचनावर हयात माणसाचा दाखला अवलंबून असू शकतो.

येथे प्रौढाचा खरा दोष उघड होतो. मुलाला भाषा अपुरी येत असते, म्हणून ते अक्षराला धरून चालते. प्रौढाला भाषा पुरेपूर येते, म्हणून तो अक्षर न पाहताच शब्द पुरा करतो. मोडीत हात न उचलता लिहिले जाते, शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळलेला नसतो. मागच्या अक्षरातून येणारी रेघ पुढच्या अक्षराचा आकार वाकवते. अशा ओळीत अनुमानाला मोकळे रान मिळते. त्याला आवर घालतो तो कित्ता. चिटणिशी किंवा बिवलकरी वळण बोरूने स्वतः गिरवलेल्याला रेघ कोठून आली आणि कोठे वळली हे हाताने ठाऊक होते; डोळ्यांना जे एकसारखे दिसते ते त्याला वेगळे करता येते. आणि जेथे वेगळे करता येत नाही तेथे ‘हे अक्षर लागत नाही’ असे नोंदवून थांबण्याचे बळही त्याला याच सरावातून मिळते.

हे केवळ कौशल्य आहे, नीती नव्हे, असा आक्षेप घेता येईल. स्वतःपुरते पाहिले तर तो योग्यही आहे. परंतु जो लिहून गेला तो आपल्या शब्दांचा खुलासा करण्यास उपस्थित नसतो. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार वाचक घेत असतो. हा अधिकार घेण्यापूर्वी त्याच्या हाताच्या गतीने चालून पाहणे, आणि आपल्या तयार भाषेला तेवढा वेळ गप्प ठेवणे, ही न्यायबुद्धीची पूर्वअट आहे. कित्त्याने प्रौढाचे शील नव्याने घडत नाही. त्याची घाई मात्र मोडते, आणि वाचनाच्या नीतीला एवढ्या वळणाची तरी गरज आहे.