शांतता हवी, पण कोणाच्या मोलाने?



घरातले पहिले मूल कॉलेजात जाऊ लागले म्हणजे आईबापांना धन्य वाटते. पण त्या आनंदाच्या मागोमाग एक प्रश्नही घरात येतो. कॉलेजातील मुले मिळून सर्वधर्म मेळावा भरवितात, शांतता फेरी काढतात. हेतू चांगला असतो. परंतु मेळाव्याचा आरंभ सरस्वतीपूजनाने होतो, आणि समजा, हार घालण्यासाठी तुमच्याच मुलीचे नाव पुकारले जाते. सर्व समाज एकत्र आले असे दिसावयास हवे ना! तुम्ही दीक्षा घेऊन वर्षही झालेले नाही. मुलगी उठली तर प्रतिज्ञा मोडते. बसून राहिली तर 'तुम्हीच फूट पाडता' असे ऐकावे लागते. संध्याकाळी ती विचारते, 'बाबा, मी काय करायला हवे होते?' तुम्ही काय उत्तर द्याल?

दोन उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्ही चूक आहेत. 'जाऊ दे, एका हाराने काय बिघडते?' हे पहिले. बिघडते ते हे की, मनाविरुद्ध घातलेला हार खोटा असतो आणि खोटेपणावर मैत्री उभी राहत नाही. 'त्यांच्यात जाऊच नकोस' हे दुसरे. पण तथागतांचा धम्म हा कोंडून घेण्याचा धम्म नव्हे. ज्याने मैत्री शिकविली त्याचे अनुयायी शेजाऱ्याकडे पाठ फिरवून कसे बसतील?

मग खरे उत्तर कोठे शोधावे? बाबासाहेबांनी ते एका नावातच ठेवून दिले आहे. 1950 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्याचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. मिलिंद हा सागल नगरीचा यवन राजा. त्याने भदंत नागसेनांना वादाचे आव्हान दिले. नागसेन म्हणाले, पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलेन, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडित एकमेकांचे म्हणणे खोडतात, चूक कबूल करतात, पण रागावत नाहीत. राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि न मानणाऱ्याला दंड करतात. राजाने अट मान्य केली आणि संवाद सुरू झाला. कॉलेजातील सलोख्याचे पहिले कलम हेच नव्हे काय? जेथे 'नाही' म्हणणाऱ्याला दंड होतो, तेथे दरबार असतो. तेथे संवाद नसतो.

ही अट केवळ ग्रंथातली नाही, तुमच्या हक्कातली आहे. भारतीय संविधानाचे 28 वे कलम सांगते की, शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा तुमची मुलगी बसून राहिली तर तिने शांतता मोडली नाही. तिने संविधान पाळले.

शांततेच्या नावाखाली काय मागितले जाते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. लगेच खेडोपाडी घरे पेटली, माणसे मारली गेली. पुढे शांतता राहावी म्हणून अंमलबजावणी थांबविण्यात आली. म्हणजे ज्यांची घरे जळली त्यांनीच थांबावयाचे! नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. मधली साडेपंधरा वर्षे ज्याला शांतता म्हटले गेले, तिची किंमत एकाच बाजूने मोजली. पण दुसरी गोष्टही विसरू नका. विरोधाच्या मोर्चात जसे विद्यार्थी होते, तसे नामांतराच्या बाजूनेही सवर्ण घरांतले तरुण उभे राहिले, आपल्याच आप्तांचा रोष पत्करून. त्यांनी आपल्या मुलांना प्रतिज्ञा सोडावयास सांगितले नाही, आपल्या मुलांनी त्यांना देव सोडावयास सांगितले नाही. एका न्याय्य मागणीसाठी ते एकत्र आले. खरा सहकार तो हा.

आता कटू वाटले तरी एक प्रश्न आपल्या घरालाही विचारला पाहिजे. तुमच्या मुलाचा मुसलमान मित्र घरी आला तर तो तुमच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसतो काय? वसतिगृहातल्या मातंग किंवा चर्मकार मुलाला आपली मुले पोटजातीच्या नजरेने तर पाहत नाहीत? देव न मानणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करणे वेगळे. सम्राट अशोकाने गिरनारच्या बाराव्या शिलालेखात बजावले आहे की, जो आपला पंथ उंचावण्यासाठी दुसऱ्याचा निंदतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. देव नाकारण्याच्या प्रतिज्ञा आपल्याला तोंडपाठ असतात, पण सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञाही त्याच बावीसांत आहे. पहिल्या पाळून ही सोडली तर आपण नुसते देव बदलले, मन बदलले नाही.

तेव्हा मुलीला असे सांगा: 'बाळ, पुढच्या वेळी सभेच्या आधीच आयोजक मित्रांना भेट. सांग, पूजा मला करता येणार नाही. तुमची श्रद्धा असेल तर तुम्ही करा, मी हसणार नाही. पण मेळाव्याचा आरंभ सर्वांना करता येईल अशा कामाने करू या. रक्तदान करू, गरीब मुलांसाठी पुस्तकपेढी काढू, संविधानाची उद्देशिका मिळून वाचू. आणि एक बैठक अशी ठेवू, जिच्यात कोणीही कोणाच्याही धर्माला प्रश्न विचारील, माझ्याही.' एवढे ऐकून ते तयार झाले तर ते मिलिंदाचे वारस. नाही झाले तरी तिने मैत्रीचा हात आखडता घेऊ नये, आणि मानही खाली घालू नये.

नवदीक्षित घराला हे अवघड वाटेल. पण हे उत्तर मुलीला आज घरातच मिळाले, तर उद्या सभेत तिचा आवाज कापणार नाही.

जय भीम!