जेवण कुठे थांबतं

वेरूळला घृष्णेश्वराच्या वाटेवर चहा घेत असताना माझ्या हातातलं पुस्तक मित्राने उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "जे भिववत नाही ते भूत कसलं? आणि खुनाच्या गोष्टीत बिस्किटांची कृती कशाला? आपल्याकडे असलं काही नाही, आणि चालायचंही नाही." पहिले दोन प्रश्न मी सोडून दिले. शेवटचं वाक्य मात्र डोक्यात अडकून बसलं, कारण ते नेमकं वेरूळमध्ये उच्चारलं गेलं होतं.

या पुस्तकांची जात आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. लहानसं गाव, एखादी बेकरी, तिची चौकस मालकीण, एक प्रेत, रक्त बेताचंच आणि अलीकडे माळ्यावर राहणारं एखादं प्रेमळ भूत. जोअॅन फ्लूक यांच्या अमेरिकन कादंबऱ्यांत 2000 सालापासून हॅना स्वेन्सन बिस्किटं भाजते, खुनी पकडते आणि वाचकाला कृतीही देते. जपानी लेखकांनी तर खूनही काढून टाकला. हिसाशी काशिवाई यांच्या गोष्टींत क्योतोमधले बापलेक गिऱ्हाइकाच्या आठवणीतला हरवलेला पदार्थ शोधून पुन्हा शिजवून देतात. तोशिकाझु कावागुची यांच्या कॅफेत कॉफी गार होईपर्यंत भूतकाळात जाऊन येता येतं. दमलेल्या माणसाने पांघरुणात शिरून वाचावीत अशी ही पुस्तकं, आणि मी ती तशीच वाचतो.

मित्राचं अर्धं म्हणणं मान्य करावं लागतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा नायक झुंझार काय जेवला हे मला एकाही कथेतलं आठवत नाही. नारायण धारपांच्या कथांत घराचा उंबरा ओलांडून जे आत येतं त्याला पाटावर बसवायची कुणाची छाती होणार नाही. आणि खुद्द वेरूळवरची गाजलेली गुप्तहेरकथा बंगालीत आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा 'कैलाशे केलेंकारी'मध्ये मूर्तिचोरांच्या मागावर इथल्या लेण्यांत येतो. भारताने 1972 मध्ये पुरावस्तूंचा कायदा केला, त्याच सुमाराची ती कादंबरी.

पण सौम्य भूत आपल्याकडे नाही, हे खोटं. कोकणातला राखणदार गावाची वेस सांभाळतो. त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, तेही मोठ्याने, चारचौघांत, 'व्हय महाराजा'च्या पुकाऱ्यात. पिंपळावरच्या मुंजाचंही तसंच. त्याची सोडमुंज राहून गेली, एवढीच त्याची तक्रार. ही मंडळी छळतात ती दुष्टपणाने नव्हे, काहीतरी अपुरं राहिलं म्हणून. अशा पात्रांवर उभी राहणारी गोष्ट मुळात शोधकथाच असते. काय राहिलं, कुणामुळे राहिलं, आता कुणी पुरं करायचं?

या कथांकडे बघताना मला एक भेद फार उपयोगी वाटतो. काही गोष्टींत गुपित उघडं पडलेलं नसतं, तरी जेवण चालू राहतं. काहींत गुपित फुटेपर्यंत घास उतरत नाही. अॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्या जातीची. 1930 सालच्या तिच्या पहिल्या कादंबरीत पाद्र्याच्या घरात, त्याच्याच अभ्यासिकेत खून होतो, तरी गावातल्या बायकांचा चहा आणि चहाबरोबरच्या चौकशा चालूच राहतात. हेच या प्रकाराचं मोठं बळ, असं मी कालपरवापर्यंत मानत होतो. माणूस मेला तरी कणीक मळावीच लागते, मुलांना भूक लागतेच; मृत्यूला दिलेलं याहून चांगलं उत्तर कोणतं?

डब्ल्यू. एच. ऑडेन हा कवी अशा कथांचा व्यसनीच होता, आणि आपल्या व्यसनाबद्दल त्याने 1948 मध्ये एक निबंध लिहिला. त्याच्या मते रहस्यकथेतलं गाव आधी निष्पाप असावं लागतं, स्वर्गातल्या बागेसारखं. खुनाने ते विटाळतं. गुप्तहेर एका अपराध्याला शोधून बाहेर काढतो, गाव पुन्हा स्वच्छ होतं आणि वाचकालाही आपल्या पापातून क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. उपपत्ती देखणी आहे, आणि अशी पुस्तकं वाचून झोप का लागते हे तिच्यातून कळतं. पण निष्पाप गाव त्याने आणलं कुठून? ज्या वाड्यात दोन सवती, एक विधवा आत्या आणि वाटणीवरून न बोलणारे भाऊ एकाच चुलीवर जेवत होते, तिथे खून ही पहिली अशुभ गोष्ट नसायची, शेवटची असायची. एकाला हाकलून असलं घर स्वच्छ होत नाही.

दुसऱ्या जातीची कथा आपण दहाव्या दिवशी नदीकाठी उभं राहून स्वतः पाहिलेली असते. पिंड मांडलेला, कावळे समोर झाडावर, आणि एकही खाली उतरत नाही. मग अंदाज सुरू होतात. "धाकटीचं लग्न आम्ही करू." कावळा हलत नाही. "शेत विकणार नाही." नाही. मग कुणीतरी पुढे होऊन जे घरात कधी बोललं गेलं नव्हतं ते बोलून टाकतं, आणि कावळा झेपावतो. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून वेळ भागवतात, पण ती पळवाट आहे हे सगळ्यांना कळतं. मेलेला माणूस, न खाल्लेलं अन्न आणि जमलेल्या सगळ्यांवर रोखलेला संशय. मित्राला याहून वेगळं काय हवं होतं?

महेश मांजरेकरांच्या 2012 सालच्या 'काकस्पर्श'मध्ये हरी धाकट्या भावाच्या पिंडासमोर काहीतरी पुटपुटतो. कावळा शिवतो, पण ते शब्द घरच्यांना ऐकू येत नाहीत आणि आपल्यालाही नाहीत. ते वचन भावाच्या विधवेबद्दल, उमाबद्दल असतं, उमालाच माहीत नसतं, आणि पुढची सगळी वर्षं ते दोघांना पोखरत राहतं. कावळ्याचं समाधान झालं, घराचं झालं नाही.

इथे जरा आडवाटेने कैलास लेण्याकडे जाऊ. उपाशी राहण्याची आपली सर्वांत भव्य गोष्ट तिथली आहे. सोळावं लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. बडोद्याला मिळालेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात म्हटलंय की ते घडवणारा शिल्पी स्वतःच चकित झाला, हे माझ्या हातून झालं कसं म्हणून. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त हीच गोष्ट स्वयंपाकघराच्या बाजूने येते. राजा आजारी पडला. तो बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असं राणीने व्रत धरलं. राजा बरा झाला. आता राणी उपाशी मरणार, कारण देऊळ पायापासून चढवायचं तर शिखराला वर्षं लागतात. तेव्हा पैठणचा शिल्पी कोकस म्हणाला, मी शिखरापासूनच सुरुवात करतो. इतिहास म्हणून याला काही किंमत नसेल. पण लेणं खरोखरच वरून खाली कोरत आणलेलं आहे, आणि लोकांनी त्याचं कारण शोधलं ते एका बाईच्या भुकेत. ही उकल गुप्तहेराला शोभेल अशीच आहे.

आणि ज्या देवळाच्या रस्त्यावर आम्ही चहा पीत होतो, त्या घृष्णेश्वराची कथा तर उघडउघड खुनाची. शिवपुराणात ती अशी येते. सुधर्म्याची पहिली बायको सुदेहा. मूल नाही म्हणून तिनेच आपल्या नात्यातली घुश्मा सवत करून आणली. घुश्मा रोज मातीची शिवलिंगं करून पूजायची आणि तळ्यात सोडायची. तिला मुलगा झाला, वाढला, त्याचं लग्न झालं, आणि सुदेहेचा मत्सरही तेवढाच वाढला. एका रात्री तिने झोपलेल्या मुलाला मारून त्याच तळ्यात टाकलं. सकाळी सुनेने अंथरुणावरचं रक्त पाहिलं. सुदेहा सगळ्यांसोबत रडली. घुश्मेने पूजा मोडली नाही. लिंगं सोडायला ती तळ्यावर गेली तर मुलगा जिवंत उभा. शिव प्रकटला, सुदेहेने हे केलं असं म्हणाला आणि तिला मारायला निघाला. घुश्मेने तिच्यासाठी क्षमा मागितली.

ऑडेनचं गणित इथे अडतं. अपराधी सापडतो आणि घरातच राहतो. मला आधी ही कथा माझ्या बाजूची वाटली होती: बघा, आपल्याकडे खूनसुद्धा मायेत विरघळतो. पण आपल्या घरांत असं विरघळवणं रोज चालतं. सुनेच्या अंगावरचे वळ, चुलत्याने लाटलेली जमीन, विहिरीत सापडलेली मुलगी, या सगळ्यांवर "घरातलं घरात" म्हणून पान वाढलं जातं आणि जेवण चालू राहतं. ज्याला मी मृत्यूवरचं उत्तर समजत होतो, ते पुष्कळदा पुरावा झाकण्याचं काम करतं. घुश्मेची क्षमा या मोलाची नाही, कारण तिच्याआधी नाव उच्चारलं गेलं. छडा लागायला हवा तो शिक्षेपुरता नाही. त्याच्याशिवाय माफ कुणाला आणि कशाबद्दल करायचं हेच ठरत नाही. चहाचे कप भरत राहणाऱ्या कथांपेक्षा घास अडवून धरणाऱ्या कथा मला आता अधिक सौम्य वाटतात. त्या कुणाला फासावर देत नाहीत, आणि गप्पही बसू देत नाहीत.

मराठीत ही कादंबरी कुणी लिहायला घेतली तर तिला बेकरीची गरज नाही. पुराण क्षमेपाशी थांबतं, तिने तिथून सुरू व्हावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चूल पेटते. सुदेहा आणि घुश्मा एकाच स्वयंपाकघरात आहेत आणि मुलगा पानावर बसला आहे. ज्या सुनेने रक्त पाहिलं, तिला तू माफ केलंस का, असं कुणी विचारलेलं नाही. सुदेहेच्या हातचं तिने खायचं की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे आहे, आणि कादंबरीने उत्तर द्यायचं ते तिला, घुश्मेला नाही.