स्वतःची वर्णनात्मक नोंद

२०२५ च्या १ सप्टेंबरला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्यांचा नैवेद्य वाढून झाला आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेशांची रांग लागली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, अशा शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची; नाही झालात तर नोकरी सोडायची. शिक्षण हक्क कायदा येण्याआधी, म्हणजे टीईटी हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा नोकरीला लागलेलेसुद्धा त्यात आले. माझी नोकरी तेव्हा तेवीस वर्षांची. निवृत्तीला अजून नऊ होती.

रात्री पाहुणे गेल्यावर भांडी घासताना मी स्वतःशी जे बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘आता या वयात काय डोक्यात शिरणार? गणित तर पहिल्यापासून कच्चंच.’ एवढं म्हटलं आणि हात थांबला. हेच वाक्य मी पूर्वी मोठ्याने बोलले होते. चौथीतल्या एका मुलाबद्दल, त्याच्या आईसमोर, शाळेच्या ओट्यावर उभी राहून. ‘याच्या डोक्यात शिरत नाही हो. गणित पहिल्यापासूनच कच्चं आहे.’ ती बाई काही बोलली नव्हती. पदराने मुलाचं तोंड पुसून त्याला घेऊन गेली होती. मुलगा माझ्याकडे बघत होता.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मला सोडत नाही. शिक्षक मुलांसाठी जी भाषा वापरतो, तीच त्याच्या स्वतःच्या वाट्याला येते. वर्षानुवर्षं आपण वर्गात निकाल देत असतो. हा हुशार, ती मध्यम, तो ‘ढ’. जीभ त्याला सरावते. मग एक दिवस आपल्यावर पाळी येते, आणि मनात बसलेल्या मास्तराकडे निकालाखेरीज दुसरे शब्दच नसतात. अडचणीच्या काळात शिक्षक तरतो की खचतो, हे पुष्कळदा या मनातल्या मास्तरावर अवलंबून असतं, असं माझं मत झालं आहे.

शिक्षकाच्या मनातलं वाक्य मुलापर्यंत पोचतं, हे आता नवं नाही. रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या लेनोर जेकबसन यांचं पुस्तक १९६८ साली आलं, तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ही यंदा फुलणार आहेत. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली अशी मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. पुढे त्या प्रयोगाच्या पद्धतीवर बरीच टीका झाली आणि परिणाम तेव्हा वाटला तेवढा मोठा नसतो, हेही दिसून आलं. कॅरल ड्वेक यांच्या ‘मनोधारणे’च्या सिद्धांताचंही तसंच. बुद्धी वाढू शकते असं मुलांना सांगितलं की गुण वाढतात, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात वाढ थोडीच असते आणि सगळीकडे होत नाही. ती कुठे होते, याचं उत्तर अमेरिकेतल्या नववीच्या गणिताच्या वर्गांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. मुलांना दिलेला तो धडा त्याच वर्गांत रुजला, जिथे शिक्षकाचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. फळ्यावर सुविचार लिहायचा आणि मनात ‘यांच्याकडून काय होणार’ म्हणायचं, हे मुलांना कळतं. कुठल्याही शिपायाला, कुठल्याही आजीला विचारा. तेही हेच सांगतील.

आमच्याकडे दिवाळी झाली की पट निम्म्यावर येतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, मुलंही बरोबर. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. हंगामी वसतिगृहामुळे थोडी मुलं आजी-आजोबांजवळ थांबतात. बाकीची गाळप संपल्यावर, उन्हं तापली की परत येतात. पहिली दहा-बारा वर्षं मी दर उन्हाळ्यात एकच वाक्य म्हणायचे, ‘पाटी पुसून आली.’ त्या वाक्याने मला थकवा दिला. दरवर्षी शून्यावरून सुरू करणाऱ्या माणसाला जो येतो, तो थकवा.

एका वर्षी परतलेली एक मुलगी फळ्यावरची हातच्याची वजाबाकी चुकली. मी चिडून विचारलं, चार महिने तिथं केलंस तरी काय? ती म्हणाली, मोळ्या मोजल्या. तिचा बाप मोळ्या बांधायचा, ती मोजायची. गाडीत किती बसल्या, काट्यावर किती टन भरलं, मुकादमाने वहीत किती लिहिलं, आणि दोन्हीत फरक का. उचल किती फिटली आणि किती राहिली, हे ती बोटांवर सांगत होती. वजाबाकी तिला येत होती, तीही मोठ्या आकड्यांची. येत नव्हती ती उभी मांडणी. मी त्या दिवशी तिच्या पाटीकडे पाहून ‘पुसली’ म्हणत होते आणि पाटी दुसऱ्याच लिपीत भरलेली होती.

हा प्रसंग मी अनेक प्रशिक्षणांत सांगितला. लोकांना आवडतो. पण त्यातला माझ्यापुरता खरा भाग वेगळा आहे. त्या उन्हाळ्यात मला थकवा आला नाही. मुलं तेवढीच मागे होती, पोषण आहाराचे हिशेब तेवढेच होते, ऑनलाइन माहिती भरायची ती भरायचीच होती. बदललं एवढंच की सकाळी शाळेत शिरताना मनात ‘पुन्हा पहिल्यापासून’ येत नव्हतं, ‘आज कोणाला काय येतं ते बघू’ येत होतं. एका वाक्यात निर्णय होऊन गेलेला असतो. दुसऱ्यात काम बाकी असतं. माणूस कामाने दमतो तेव्हा झोपेने बरा होतो. निर्णय झालेल्या गोष्टीपुढे दमला, की झोपही पुरत नाही.

मार्च २०२० नंतरचे दिवस आठवा. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही घोषणा होती आणि माझ्या वर्गातल्या एकोणीस मुलांपैकी चौघांच्या घरी स्मार्टफोन होता. शिक्षक तपासणी नाक्यावर उभे होते, घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होते. त्या काळात आमच्या गटात दोन तऱ्हेचं बोलणं चालायचं. एक, ‘हे आपल्या पोरांसाठी नाहीच.’ ते खोटं नव्हतं. दुसरं, ‘फोन नाही, मग काय आहे?’ सोलापूरच्या नीलमनगरात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी या प्रश्नाचं उत्तर शोधलं : भिंती आहेत. घरांच्या बाहेरच्या भिंतींवर अक्षरं, पाढे, व्याख्या रंगवल्या गेल्या, आणि मुलं गल्लीत अंतर राखून उभी राहून वाचू लागली. कुणी देवळाच्या पारावर पाच-पाच मुलं बसवली, कुणी सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’च्या वेळा घरोघर सांगत फिरलं. परिस्थितीची जाण दोन्ही बोलण्यांत सारखीच होती. दुसरं बोलणं प्रश्नावर थांबत होतं, म्हणून त्यातून पुढचं पाऊल निघालं.

नुकसान झालंच. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ साली २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ साली आकडा पुन्हा २७.१ वर पोचला. या चढण्यामागे धोरणं आहेत, पायाभूत साक्षरतेच्या मोहिमा आहेत. पण कोणत्याही मोहिमेच्या शेवटी एक माणूस खडू घेऊन उभा असतो, आणि तिसरीतल्या मुलाला पहिलीचा शब्द वाचायला बसवताना ‘हे माझं काम आहे’ की ‘हे आधीच्यांचं पाप आहे’, यातलं एक तो मनात म्हणत असतो.

आता एका गोष्टीबद्दल मला रागाने लिहायचं आहे. गेल्या काही वर्षांत शिक्षकांच्या प्रशिक्षणांत ‘सकारात्मक राहा’ हा एक तास हमखास असतो. एका ठिकाणी आम्हाला डोळे मिटून ‘मी आनंदी आहे, मी समर्थ आहे’ असं म्हणायला लावलं. माझ्या शेजारी बसलेल्या सरांच्या शाळेत चार वर्ग आणि ते एकटे होते. दुसरी जागा भरलीच गेली नव्हती. त्या सरांना ध्यानाची गरज नव्हती, एका सहकाऱ्याची होती. मनाच्या ताकदीबद्दल बोलणाऱ्याने आधी रिक्त पदं, अशैक्षणिक कामं आणि गळकं छप्पर यांबद्दल बोलावं, मगच मनाकडे यावं. उलट क्रमाने बोलणं हा शिक्षकावरचा अन्याय आहे. व्यवस्थेचं अपयश त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकणं आहे.

मग मनाशी बोलायचं कसं? सावित्रीबाई फुले पुण्यात शिकवायला जाताना लोक चिखल-शेण फेकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं नेत, ही हकिकत आपल्याला तिसरी-चौथीपासून ठाऊक आहे. आपण ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो. मला हल्ली त्या लुगड्यात एक स्वतःशी केलेला संवाद दिसतो. ‘आज कुणी काही फेकणार नाही’ असं त्यांनी मनाला समजावलं असतं, तर पहिल्या शेणाच्या गोळ्याबरोबर मन मोडलं असतं. ‘लोक असेच आहेत, काय उपयोग’ असं म्हटलं असतं, तर त्या घराबाहेरच पडल्या नसत्या. त्यांनी लुगडं घडी करून पिशवीत ठेवलं. चिखल पडणार आहे, आणि वर्ग होणार आहे. दोन्ही.

मनाशी कसं बोलावं, यात आपण मराठी माणसं उपाशी नाही. रामदासांनी दोनशे पाच श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. आणि संतांच्या अभंगात शेवटी कवी स्वतःचं नाव घेतो. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. या नाममुद्रेचं मूळ काम वेगळं, पण त्यात एक अंतर आपोआप येतं. आत कालवाकालव चाललेली असते आणि शेवटी माणूस स्वतःकडे बाहेरून पाहून बोलतो. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळलं : अवघड प्रसंगाआधी ‘मी’ असं न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून बोलणारी माणसं कमी गडबडतात आणि नंतर तेच ते कमी उगाळतात. आपण दुसऱ्याला सल्ला देताना जो समजूतदारपणा दाखवतो, तो स्वतःला देण्याची ही एक युक्ती आहे.

माझ्यासाठी मात्र स्वतःकडे बाहेरून पाहण्याची वाट शाळेच्या कपाटातूनच निघाली. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचं काम आमच्या मागे लागलं. विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. खरं सांगायचं तर आम्ही त्या नोंदी पुष्कळदा एकमेकांच्या पाहून उतरवल्या. तीच ती वाक्यं, नावं तेवढी वेगळी. पण ज्या वर्षी वेळ मिळाला आणि मी मूल पाहून नोंद लिहिली, त्या वर्षी वर्ग वेगळा गेला. ‘वाचन कच्चं’ हे लिहायला क्षण लागतो आणि वाचून काहीच करता येत नाही. ‘जोडाक्षरापाशी थांबते, चित्र पाहून अंदाजाने शब्द पुरा करते, गोष्ट ऐकायला पुढे सरकून बसते’ हे लिहायला आठ दिवस मुलीकडे बघावं लागतं. लिहून झालं की उद्या काय करायचं ते त्यातच असतं.

इतक्या वर्षांत शेकडो मुलांच्या अशा नोंदी केल्या. स्वतःची एकही केली नाही. माझ्याबद्दल माझ्याकडे फक्त शेरे होते : चांगली शिक्षिका, कमी पडलेली आई, गणितात कच्ची.

राज्याची टीईटी २३ नोव्हेंबर २०२५ ला होती. दीडशे गुण, दीडशे मिनिटं. बालविकास, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. न्यायालयाचा हा निकाल न्याय्य आहे का, यावर माझं मत कडक आहे. दोन दशकं शिकवलेल्या माणसाची पात्रता अशा परीक्षेत मोजता येते, हे मला पटत नाही, आणि संघटनांनी ते जोरात मांडलंच पाहिजे. पण मांडणी चालू असताना फॉर्म भरायचा होता, तो भरला. माझे सहकारी सर माझ्याहून मोठे, बावन्नचे. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं एकाच पुस्तकावर बसायचो. मुलांना याचं फार नवल. पाचवीतल्या एकाने विचारलं, ‘बाई, तुमचा पण पेपर आहे? तुम्हाला पण येत नाही?’ सर म्हणाले, ‘काही येतं, काही अजून यायचंय.’ त्या पोराने मान डोलावली आणि आपली वही आमच्या शेजारी आणून बसला.

कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मी तीन रकाने आखले आहेत. शनिवारी संध्याकाळी लिहिते, नाव घालून, दुसऱ्या कुणाचं लिहावं तसं. परीक्षेआधीच्या एका शनिवारचं असं आहे :

विशेष प्रगती : बालविकासाचे प्रश्न वर्गातली मुलं आठवून सोडवतात. व्याख्या विसरतात, उदाहरण विसरत नाहीत.

आवड : पहाटे मोठ्याने वाचणे.

सुधारणा आवश्यक : काळ-काम-वेगाची गणितं सुटतात, पण एकेकाला चार मिनिटं लागतात. उद्या मोळ्यांच्या हिशेबाने करून बघावीत.