शाळेचा पट आणि शाळेचा निकाल

वाचकहो, आपल्या गावची शाळा चांगली की वाईट, हे आपण कशावरून ठरवितो? बहुतेक जण निकालावरून ठरवितात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अभिमान फार. कोणत्या गावची किती मुले यादीत आली, हे चावडीवर व दूधसंस्थेच्या दारात मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. ह्या अभिमानात वावगे काही नाही. तथापि निकालाचा आकडा वाचण्यापूर्वी शाळेचा पट वाचावा, असे आमचे म्हणणे आहे. कारण पट न पाहता दिलेला निवाडा पुष्कळदा अन्यायाचा होतो.

असे समजा की, एका वाडीच्या शाळेत पाचवीच्या वर्गात पाच मुले आहेत. चौघांस वाचता येते, एकास येत नाही. शाळेचा निकाल शेकडा ८०. पुढे दिवाळीनंतर तो पाचवा मुलगा आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघून गेला व त्याचे नाव पटावरून कमी झाले. निकाल शेकडा १००! गुरुजींनी अधिक काही शिकविले नाही, मुले अधिक काही शिकली नाहीत. एक लेकरू अडाणी राहिले, एवढ्यानेच शाळा उत्तम ठरली. ज्या हिशेबात लेकरू नाहीसे झाल्याने नफा दिसतो, तो हिशेब कोणीही मांडला तरी खोटाच. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातही निकाल शेकडा ९९ लागलाच होता. तेवढ्यावर मेंढपाळ स्वस्थ बसला नाही.

ही चूक आजची नव्हे. इंग्लंडात १८६२ साली असा नियम झाला की, शाळेस मिळणारे सरकारी साहाय्य मुलांच्या परीक्षेवर अवलंबून राहावे. इन्स्पेक्टर येई, वाचन, लेखन व गणित तपासी, आणि जितकी मुले उतरत त्या मानाने पैसा मिळे. मग शिक्षक इन्स्पेक्टराच्या भेटीपुरतेच धडे घोकून घेऊ लागले. मॅथ्यू आर्नल्ड हा प्रसिद्ध कवी स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता. त्यानेच ह्या पद्धतीचा निषेध केला. आपल्या मुंबई इलाख्यातही साहाय्य घेणाऱ्या शाळांस हीच रीत लागू होती. निकालावर पैसा मिळू लागला की मंदगतीचे मूल शिक्षकाच्या डोळ्यांत सलू लागते. मग तो शिक्षक कितीही सज्जन असो.

आता आपल्या करवीरचा दाखला घ्या. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या कायद्याचा पहिला प्रश्न 'किती मुले उत्तीर्ण झाली?' हा नसून 'कोण आले नाही?' हा होता. पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत घ्यावे, अशी आज्ञा त्यांनी केली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे ह्याच आज्ञेने उंबरठ्याच्या आत आले असतील. ज्यांच्या घरी पाटीचे दर्शनही झाले नव्हते अशी दहा मुले एखाद्या शाळेत आली, आणि त्या वर्षी तिचा निकाल खाली गेला, असे धरून चालू. ती शाळा आदल्या वर्षापेक्षा वाईट झाली, असे कोण म्हणेल?

आज मात्र आपण तसेच म्हणतो. सकाळी पिवळी गाडी फाट्यावर येते व ऐपतीच्या घरची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती भूमिहीनांची मुले आणि राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या डोंगरातील धनगरवाड्यांवरची मुले. गळिताचा हंगाम लागला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, आणि त्यांच्या कोप्यांतील लेकरेही भर वर्षात येऊन बसतात. मग गावकरी म्हणतात, "शाळा बिघडली." शाळा बिघडली की गावाने ती सोडली, हे कोणी विचारीत नाही. २०२३ साली सरकारने वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक निघाल्या. तेथे दोन गुरुजी, क्वचित एकच, एका खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळतात. पट लहान म्हणून शाळा निरुपयोगी, हा तर्क आम्हांस पटत नाही. सहा वर्षांचे मूल ओढा ओलांडून दूरच्या शाळेत रोज जाईल काय, हे आधी पाहावे. मुलगी असेल तर पावसाळ्यात तिचे शिक्षण तेथेच संपेल.

परंतु ह्या विचाराला दुसरी बाजू आहे व ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. "मजुरांची पोरे ही, ह्यांस काय येणार?" असे म्हणणारा शिक्षकही पटाकडेच बोट दाखवितो. त्याने जूनच्या पहिल्या दिवशीच, शिकविण्यापूर्वी, परीक्षा घेऊन टाकली! गरिबी हे मूल कोठून निघाले त्याचे वर्णन आहे. ते कोठवर जाईल ह्याचे भविष्य नव्हे. १८८२ साली जोतीराव फुले ह्यांनी हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती ह्याच मुलांस शिकता येते ह्या खात्रीने केली. दया म्हणून शिकविणे व शिकेल म्हणून शिकविणे ह्यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर लेकराला आपल्याआधी कळते.

तेव्हा मूल शेजारच्या मुलाशी न ताडता त्याच्याच कालच्या पायरीशी ताडावे. जूनमध्ये ज्याला 'क' ओळखता येत नव्हता तो मार्चमध्ये अडखळत का होईना ओळ वाचू लागला, तर त्या गुरुजींनी मोठे काम केले; शिष्यवृत्तीच्या यादीत ते कोठेच दिसणार नाही. हे पाहण्याचा अधिकार आपणांस आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या सभासद स्त्रिया. आपल्या मंडळीतील कितीजणी त्या सभेस जातात? उपदेशकांनी त्यांना धीर देऊन पाठवावे. तेथे निकाल विचारण्याआधी हे विचारावे: जूनमध्ये पटावर किती होती, फेब्रुवारीत प्रत्यक्ष किती बसतात, आणि जी दिसत नाहीत ती कोठे गेली?

ऊसतोडीच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. मूल दुसऱ्या गावी गेले तर तेथील शाळेने ते पाहून त्याला वर्गात घ्यावे, असा तिचा हेतू. टोळ्या परत जाण्यापूर्वी, म्हणजे गळीत संपण्याच्या आत, आपल्या शिवारातील कोप्यांत कितीजणांजवळ हे कार्ड आहे, हे ह्या आठवड्यातच जाऊन पाहता येईल.