अस्सपर्यंत पायी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 20:7-16



तुर्कस्थानच्या वायव्य किनाऱ्यावर, चानक्काले प्रांतात, अस्स हे प्राचीन नगर आहे. आज तेथे बेहरामकाले नावाचे लहानसे गाव वसलेले आहे. डोंगराच्या अंगावर वस्ती आणि खाली समुद्राला लागून जुने बंदर. बंदरावरील दगडी इमारती ही एके काळी ओक वृक्षाच्या फळांची कोठारे होती. कातडी कमावण्यासाठी ही फळे येथून जहाजांत भरून जात. आता त्या कोठारांची हॉटेले झाली आहेत. उन्हाळ्यात पर्यटक येतात, समुद्रस्नान करतात, मासळीचे जेवण घेतात आणि सायंकाळी डोंगर चढून अथेना देवीच्या मंदिराचे खांब पाहतात. हे मंदिर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील आहे. माथ्यावरून समोरच ग्रीसचे लेस्बोस बेट दिसते. त्याच बेटावरील मितुलेने हा शास्त्रपाठातील तारवाचा पुढचा मुक्काम होय.

या नगराला अभिमान बाळगावा असे पुष्कळ होते. प्लेटोच्या मृत्यूनंतर ॲरिस्टॉटल येथे येऊन सुमारे तीन वर्षे राहिला. स्तोइक पंथाचा पुढारी क्लेआंथेस याची ही जन्मभूमी. परंतु लूक यांपैकी कशाचाही उल्लेख करीत नाही. तो अस्सविषयी केवळ दोन वचने लिहितो. आम्ही पुढे तारवातून अस्सला गेलो, तेथे पौलाला आमच्याबरोबर घ्यावयाचे होते, कारण तो स्वतः पायी येणार होता आणि त्यानेच तसे ठरविले होते, एवढेच तो सांगतो. ज्या वाचनात आपण ही वचने भरभर ओलांडून जातो, त्याच वाचनात आज थोडे थांबू या.

पौलाबरोबर कोण होते ते पाहा. सोपत्र, अरिस्तार्ख, सकुंद, गायस, तीमथ्य, तुखिक व त्रफिम अशी नावे चौथ्या वचनात आहेत, आणि लिहिणारा लूकही सोबत आहे. यापेक्षा चांगली सोबत कोणत्या सेवकाला लाभेल? असे असूनही पौल त्यांना तारवात बसवितो आणि आपण रस्ता धरतो. तारवाला आशियाच्या मुख्य भूमीचे अगदी पश्चिमेचे टोक वळसा घालून जावयाचे होते. जमिनीवरून त्रोवस ते अस्स हे अंतर सरळ रेषेत 30 किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. रस्त्याने ते त्याहूनही जास्त आहे.

आदल्या रात्रीची घटना आपणांस ठाऊक आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी त्रोवस येथील मंडळी भाकर मोडण्यासाठी माडीवर जमली होती. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला व मेलेला असा उचलला गेला. पौलाने त्याला कवटाळले, तो जिवंत झाला, आणि त्यानंतर उजाडेपर्यंत पौल पुन्हा बोलत राहिला. अशा रात्रीनंतर कोणीही तारवाच्या फळीवर अंग टाकले असते. पौल चालू लागला.

का? शास्त्र कारण सांगत नाही. कोणी म्हणतात, युतुखाजवळ आणखी थोडा वेळ राहावे म्हणून. कोणी म्हणतात, समुद्रप्रवासाला तो कंटाळला असावा, कारण तीन वेळा आपले तारू फुटले असे तो करिंथकरांस लिहितो. परंतु फिलिप्पैहून त्रोवसपर्यंत तो तारवानेच आला होता आणि अस्सहून पुढेही तारवानेच गेला. पायी चालला तो एवढा एकच टप्पा. वेळ मुबलक होता असेही नाही. पन्नासाव्या दिवसापर्यंत यरुशलेमास पोहोचण्याची त्याला घाई होती आणि त्या घाईपायी त्याने इफिस टाळले, असे सोळावे वचन सांगते. ज्याला इफिससाठी वेळ काढता आला नाही, त्याने या चालण्यासाठी वेळ काढला.

त्याच्या मनावर कोणते ओझे होते हे मात्र आपल्याला माहीत आहे. यहूदीयातील गरीब पवित्र जनांसाठी मंडळ्यांनी जमविलेले दान तो यरुशलेमास नेत होता. थोड्याच काळापूर्वी त्याने रोमकरांस विनंती केली होती की, यहूदीयातील अविश्वासी लोकांपासून माझी सुटका व्हावी म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा (रोम 15:30-31). नगरोनगरी पवित्र आत्मा त्याला साक्ष देत होता की बेड्या व संकटे तुझी वाट पाहत आहेत. थोड्याच दिवसांनी मिलेत येथे इफिसच्या वडिलांपुढे तो म्हणतो की, धाव पूर्ण करण्यापुढे मी आपल्या प्राणाची पर्वा करीत नाही. हे शब्द त्याला ऐन वेळी सुचले असतील असे मला वाटत नाही. असे शब्द माणूस आधी देवाजवळ, एकांतात, बहुधा अश्रूंसह बोललेला असतो. तेव्हाच ते लोकांपुढे स्थिर आवाजात बोलता येतात.

अस्सविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. येथील दगड रोमी जगात प्रसिद्ध होता. त्याच्या पेटीत ठेवलेला मृतदेह चाळीस दिवसांत दातांखेरीज संपूर्ण नाहीसा होतो, असे प्लिनी या रोमी लेखकाने लिहून ठेवले आहे. दगडी शवपेटीला ग्रीक भाषेत मिळालेल्या नावाचा अर्थच ‘मांसभक्षक’ असा आहे. नगराच्या पश्चिम वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला अशी थडगी आजही पडलेली दिसतात. पौल त्या वेशीने आत शिरला असेल, तर एका मेलेल्या तरुणाला जिवंत झालेला पाहिलेला हा मनुष्य त्या थडग्यांमधून चालत गेला, आणि तोही स्वतः मरणाच्या छायेकडे जात असता. मृत्यू सर्व खाऊन टाकतो, असे ते दगड सांगत होते. आदल्या रात्री त्रोवसच्या माडीवर त्याने निराळे पाहिले होते.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक टप्पा येतो, जो सोबत्यांना तारवात बसवून आपल्यालाच चालावा लागतो. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आहे आणि शस्त्रक्रिया उद्या आहे. बदलीचा हुकूम आला आहे, परप्रांतात ना आपली भाषा ना आपली मंडळी. जोडीदाराला मूठमाती देऊन घरी आल्यावर पाहुणे एकेक करून निघून गेले आहेत. अशा वेळी आपण काय करतो? आवाज शोधतो. कोणाला तरी बोलावतो, काहीतरी लावून ठेवतो, कामात बुडून जातो. आपल्या मंडळ्यांतही उपासना, सभा, समित्या, संमेलने यांची रीघ असते. देवाच्या सेवेत इतका वेळ जातो की देवाजवळ बसावयास वेळ उरत नाही. प्रवचन करणारे आम्ही तर याविषयी अधिक दोषी ठरतो. रात्रभर बोलणाऱ्याला दिवसभर मुकाट्याने चालण्याची किती गरज असते, हे पौलाला कळले होते.

आपला प्रभूही लोकसमुदायाला निरोप देऊन प्रार्थनेसाठी एकटा डोंगरावर गेला. गेथशेमानेत तो शिष्यांपासून धोंड्याच्या टप्प्याइतका दूर गेला. ते अंतर फार नव्हते, पण ते त्याने राखले. अम्माऊसच्या वाटेवर खिन्न होऊन चालणाऱ्या दोघांबरोबर तोच तिसरा होऊन चालला आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. म्हणून एकट्याने चाललेली वाट खरोखर एकट्याची असते असे समजू नका.

तरीही पौल कायमचा वाटेवर राहिला नाही. अस्सच्या बंदरावर तारू थांबलेले होते. लूक लिहितो की तो आम्हांला भेटला आणि आम्ही त्याला तारवात घेतले. किती साधे शब्द! कोणी त्याला विचारले नाही की तू आमच्याबरोबर का आला नाहीस. कोणी रुसले नाही. त्यांनी त्याला जाऊ दिले आणि ते ठरलेल्या ठिकाणी हजर राहिले. मंडळीचे हे दुहेरी काम आहे. दुःखी माणसाला त्याची शांतता द्यावी, आणि तो परत येईल तेथे आपण असावे. एकांताच्या नावाखाली मंडळीपासून कायमचे तुटलेले पुष्कळ जण आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या बंदरावर आपले तारू थांबलेच नव्हते, हेही खरे नाही काय?

2015 साली याच किनाऱ्यावरून, युद्धाने घरदार गमावलेली असंख्य माणसे रात्रीच्या अंधारात मुले कडेवर घेऊन रबराच्या होड्यांनी लेस्बोसकडे निघाली. कित्येक समुद्रात बुडाली. त्यांचे चालणे स्वेच्छेचे नव्हते. किनाऱ्यावर आपल्याला कोणी वर घेईल काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी जीवनमरणाचा होता. लूकचे ते साधे वाक्य वाचताना त्यांचीही आठवण असू द्यावी.

या आठवड्यात एक दिवस निवडा. घराभोवतीचा रस्ता असो, नदीकाठ असो की इमारतीची गच्ची असो, जे ओझे कोणाला सांगता आलेले नाही ते घेऊन तेथे चाला आणि ते प्रभूला सांगा. मग परत या. आणि आपल्या मंडळीतील कोण सध्या एकटा चालत आहे, याचा शोध घ्या. त्याच्या मागे धावू नका, परंतु त्याच्या बंदरावर थांबा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, जी वाट आम्हांस एकट्यानेच चालावयाची आहे तिच्यावर तू आमच्यासंगती चाल. आम्ही थकून बंदरावर येऊ तेव्हा आम्हांला वर घेणारे हात तेथे असोत, आणि इतरांसाठी ते हात आमचे असोत. आमेन.