साच्यातील पोकळी आणि कार्यकारणाचा प्रश्न

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील बहात्तराव्या सूक्तात ब्रह्मणस्पती लोहाराप्रमाणे भाता फुंकून घडण करतो, आणि ज्या ऋचेत हा भाता येतो तिच्यातच असतापासून सत् जन्मल्याचे सांगितले आहे. छांदोग्य उपनिषदातील उद्दालक मात्र श्वेतकेतूला नेमके याच्या उलट शिकवतो, की जे मुळात नाही त्यातून जे आहे ते निपजणे शक्य नाही. पुढे या मतभेदाला दर्शनांत दोन नावे मिळाली. कार्य उत्पत्तीपूर्वीच आपल्या कारणात अव्यक्त रूपाने असते, हा सांख्यांचा सत्कार्यवाद. ते आधी नसते आणि नव्यानेच आरंभ पावते, हा न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद. हा वाद ग्रंथांपुरता उरला आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण एखाद्या यंत्राचा पूर्वी कधीच न बनलेला भाग प्रथमच ओतणाऱ्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ओतकाम शिकवणाऱ्या छोट्या कार्यशाळेत तो प्रत्येक ओतणीच्या वेळी हातात येतो.

शास्त्रकारांनी या प्रश्नासाठी कुंभार, विणकर आणि सोनार यांना वारंवार साक्षीला बोलावले. ओताऱ्याला फारसे कोणी बोलावले नाही. ही उणीव खरोखर खटकते, कारण ओतकाम या देशात परके नव्हते: अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 मध्ये मिळालेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे भरीव ओतलेले आहेत, आणि बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या प्रतिमेवर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून, त्या रिकाम्या जागेत धातू ओतण्याची रीत आणि मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरवण्याचा हिशेबही दिला आहे. कुंभाराचा हात मातीला शेवटपर्यंत लागलेला असतो, तर ओताऱ्याचा हात वितळलेल्या धातूला लागूच शकत नाही. त्याला जे घडवायचे ते तो वाळूत घडवतो, आणि तेही पोकळीच्या रूपाने.

त्यामुळे सांख्यांच्या युक्तिवादाला येथे एक अनपेक्षित वळण मिळते. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही, म्हणून समर्थ कारणातूनच शक्य ते कार्य होते, असे भाष्यकार सांगतात. कार्यशाळेतील वाळू, म्हणजे बेंटोनाइट माती आणि थोडे पाणी घालून मळलेली रेती, धातूचा एक कणही देत नाही, तरी वस्तूला आकार तीच देते. येथे नैयायिकांची कारणांची विभागणी उपयोगी पडते: ज्यात कार्य समवायाने राहते ते समवायी कारण, येथे धातू, आणि जे कार्याला घडवते पण त्याचा भाग होत नाही ते निमित्त कारण, येथे वाळू, भट्टी, मूस आणि ओतणारा स्वतः. नैयायिक प्रागभावालाही, म्हणजे वस्तू होण्यापूर्वीच्या तिच्या अभावालाही, कारणांत धरतात. साच्यातील पोकळी हाच तो प्रागभाव, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा मोह टाळला पाहिजे, कारण न्यायमतानुसार प्रागभाव समवायी कारणात राहतो, म्हणजे मुशीतल्या रसात, वाळूत नव्हे. पोकळी ही केवळ वाळूने वेढलेली जागा आहे.

शिवाय ती पोकळी वस्तूच्या मापाची नसतेच. अॅल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठल्यानंतर थंड होताना लांबीत सुमारे 1.3 टक्के आकसते, म्हणून नमुना करणारा कारागीर मुद्दाम वाढवलेल्या मापाची पट्टी वापरतो आणि रस गोठताना पडणारी तूट भरून निघावी म्हणून जाड भागाशेजारी रसाचा साठा, म्हणजे रायझर, ठेवतो. जो आकार पुढे होणार आहे तो नमुन्यात नाही, साच्यात नाही, रसातही नाही. तो आकसण्याच्या हिशेबात आहे, म्हणजे करणाऱ्याच्या ज्ञानात आहे. सत्कार्यवाद्याने यालाच अव्यक्त म्हणावे, पण मग ते अव्यक्त एकट्या धातूचे राहत नाही, हे त्याला मान्य करावे लागेल.

सर्वांत अवघड कसोटी बिडाची आहे. उद्दालकाच्या दृष्टान्तात लोखंडाची नखकापणी येते आणि तिच्यात सत्य ते लोखंड, बाकी नाव, असा निष्कर्ष निघतो. पण बिडाचा एकच रस पाचरीच्या आकारात ओतून ती पाचर मोडली, तर पातळ टोक पांढरे, कठीण आणि ठिसूळ निघते, आणि जाड बाजू करडी निघते, कारण टोक लवकर थंड झाल्याने तेथील कार्बन लोखंडाशी संयुगात अडकून राहिला आणि जाड भागात त्याला ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळे होण्यास अवधी मिळाला. रस एक, मूस एक, ओतण्याचा क्षणही एक. तरी करडा भाग कापता येतो आणि पांढऱ्यावर हत्यार बोथट होते. येथे विकार हे केवळ नाव उरत नाही. वैशेषिकांनी भट्टीतील घटाच्या रंगावरून ‘पाकज’, म्हणजे उष्णतेने उपजणाऱ्या गुणांचा विचार केला आणि घट अणूंपर्यंत फुटून पुन्हा जुळतो असे मानले, तर नैयायिकांनी अखंड घटच पालटतो असे मानले. थंड होण्याच्या वेगाने उपजणारा गुण मात्र दोघांच्याही उदाहरणांत येत नाही, आणि मोडलेली पाचर त्याचीच साक्ष देते.

अशी पाचर प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः ओतून मोडावी, एवढ्यासाठीसुद्धा शिकवणारी कार्यशाळा लहान असणे इष्ट आहे. मोठ्या कारखान्यात हजारावा भाग पहिल्यासारखाच निघावा हे ध्येय असते, आणि ते योग्यही आहे, पण तेथे कार्य आधीच ठाऊक असते. नव्या भागाची पहिली ओतणी बहुधा कोठेतरी अपुरी भरते किंवा सच्छिद्र निघते. ती फेकून न देता कापून पाहिली, तर छिद्रे गोल आहेत की वाकडीतिकडी, यावरून रसात विरलेला हायड्रोजन दोषी की आकसताना न पोचलेला रस, हे कळते. मग तिचे तुकडे पुन्हा मुशीत जातात. सोने कितीदाही वितळवले तरी सोनेच, हा वेदान्त्यांचा आवडता दृष्टान्त अॅल्युमिनियमला पुरता लागू पडत नाही, कारण प्रत्येक वितळणीत त्याचा थोडा अंश हवेशी संयोग पावून मळी होतो आणि झाऱ्याने काढून बाजूला टाकावा लागतो.