पुजलेले शस्त्र आणि पारखलेले शस्त्र

जुने शस्त्र हाती आले की ते अस्सल आहे का, असा प्रश्न संग्राहकाला पडतो तसा भाविकालाही पडतो. मात्र दोघे एकच गोष्ट विचारीत आहेत असे धरून चालणे, हीच या विषयातील मूळची गफलत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात शिवजयंतीच्या शस्त्रप्रदर्शनांत, गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत आणि घरोघरी खंडेनवमीच्या पाटावर तलवारी, कट्यारी, दांडपट्टे मांडले जातात, आणि त्यांतले पिढीजात कोणते, जुन्या बाजारातून घेतलेले कोणते व अलीकडे घडवलेले कोणते, हे पाहणाऱ्याला बहुधा उमगत नाही. ते न उमगल्याने पूजेत काही उणे राहते का, हा धर्माचा प्रश्न आहे. ज्ञानात उणे राहते का, हा प्रमाणशास्त्राचा, म्हणजे खरे ज्ञान कोणत्या साधनाने मिळते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा.

पहिल्याचे उत्तर परंपरेने पुरेसे स्पष्ट दिलेले आहे. वस्तूला पूज्यता येते ती प्राणप्रतिष्ठेने, म्हणजे मंत्रपूर्वक तिच्या ठायी देवत्वाचे आवाहन करण्याने, आणि ते आवाहन वस्तूच्या वयाची चौकशी करीत नाही. पार्थिव गणपती दरवर्षी नव्या मातीचा येतो व विसर्जित होतो, तरी यंदाची मूर्ती ही गतवर्षीच्या मूर्तीची नक्कल आहे असे कोणी म्हणत नाही. वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत दसऱ्याच्या सुमारास लेथला झेंडूची माळ पडते, ती त्या यंत्राने इतिहास पाहिला म्हणून नव्हे, तर ते पोट भरते म्हणून. तेव्हा शोभायात्रेतली नवी तलवार पुजणाऱ्याच्या पदरी असत्य पडत नाही. अर्थात याला अपवाद आहे, आणि तो याच भूमीतला आहे: पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी काढलेल्या मातीच्या पात्राच्या तुकड्यांचे माहात्म्य, ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत या समजुतीवरच उभे आहे. जेथे पावित्र्य स्पर्शातून येते तेथे अस्सलपणाचा प्रश्न श्रद्धेलाही टाळता येत नाही. शस्त्रपूजेचे पावित्र्य मात्र या जातीचे नाही.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञान उपजतच प्रमाण असते व त्याला बाधा आणणारे काही पुढे येईपर्यंत ते तसेच धरावे असे सांगतात. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरच्या कसोटीने, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते की नाही यावरून, ठरवतात. 'आमच्या पणजोबांची तलवार' असे म्हणणारे घर नकळत मीमांसक असते, तर संग्राहकाला नैयायिक व्हावेच लागते, कारण तो पैसे मोजतो.

त्याची कसोटी पात्यापासून सुरू होते. जुना गंज काळपट, घट्ट आणि असमान असतो, पोलादात खोल खळगे पाडून बसलेला असतो. तेजाब लावून आणलेला गंज बहुधा सर्वत्र सारखा, तांबूस आणि बोटाला लागणारा असतो. जौहर, म्हणजे उत्तम पोलादाच्या अंगचीच लहरींसारखी नक्षी, पाते घासून काढले तरी सौम्य तेजाबाने पुन्हा उमटते, आणि वरवर कोरलेली नक्षी घासल्याबरोबर कायमची जाते. मुठीवरच्या कोफ्तगारीत पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा ओरखडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली असते; भिंगाखाली सोने झिजलेल्या जागी त्या रेघा दिसल्या पाहिजेत, आणि मुलामा असेल तर त्या नसतात. ओतीव मुठीवर साच्याची शिवण राहते. जुन्या मुठीत पाते लाखेने किंवा राळेने पक्के केलेले असते, आणि तेथे आधुनिक चिकट द्रव्य आढळले तर निदान दुरुस्ती तरी नवी आहे असे समजावे.

एवढी परीक्षा झाली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून येणाऱ्या पात्यांना, म्हणजे फिरंगांना, मोठी मागणी होती, आणि तिचा लाभ घेण्यासाठी इकडचे लोहारही आपल्या पात्यांवर परदेशी छाप मारीत. तो छाप त्या काळी खोटा होता; पाते आज खरोखरीच प्राचीन आहे. राज्य शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून घेतलेल्या, रघूजी भोसले यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारीचे पाते युरोपीय आहे आणि त्यावर देवनागरी लेख आहे. तेव्हा 'मराठी तलवार' ही जात लोखंडावरून नव्हे, तर हाताबदलावरून ठरते. १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झालेली मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम १७३९ मध्ये वसईच्या विजयाने संपली, आणि तेथून आणलेली म्हणून सांगितली जाणारी १७२१ सालची घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आहे. ती चर्चची, लुटीची आणि देवळाची अशी तिन्ही आहे, व यांतले एक खरे म्हणून बाकीची दोन खोटी होत नाहीत.

खरी अडचण शब्दप्रमाणाची, म्हणजे आप्ताच्या, विश्वासू माणसाच्या, सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानाची आहे. तीन वर्षांसाठी राज्यात आलेल्या आणि जुलै २०२४ मध्ये प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडलेल्या वाघनखांबाबत, ती शिवाजीमहाराजांनीच अफझलखानाविरुद्ध वापरली हे पडताळता आलेले नाही, असे ती देणाऱ्या लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाचेच म्हणणे आहे. आधार आहे तो साताऱ्यातील ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेल्या पेटीवरील मजकुराचा. पोलाद वय सांगू शकेल, पण ते कोणाच्या मुठीत होते हे माणूसच सांगतो. म्हणून बनावट शस्त्र करणाऱ्याचा अपराध धातूबाबतचा नाही. तो साक्षीदाराच्या तोंडी खोटे घालतो, आणि पुढे खऱ्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षांची मर्यादा आहे, पण घडवणाऱ्याच्या हेतूचा विचार वयाच्या मापाने होत नाही. प्रतिकृती घडवणारा कारागीर मुठीच्या परजेखाली आपले नाव व सन कोरून देऊ लागला, तर त्याची तलवार पुजायला मोकळी राहील, मिरवायलाही मोकळी राहील. अडेल तो फक्त तिला शिवकालीन म्हणून विकणारा.